कारणाचा रकाना : मनाचा घाव, मादक द्रव्ये आणि स्वतःच स्वतःचे वैद्य होण्याचा इतिहास

इ. स. १८९२ या एका वर्षात ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ माणसे दाखल झाली. प्रत्येकाबरोबर एक कागद येई. त्यावर नाव, वय, जात, धंदा असा तपशील असे आणि एक रकाना वेडाच्या कारणाचा असे. त्या वर्षी २२२ माणसांच्या कागदावर या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस यांचे नाव लिहिलेले होते. म्हणजे सरकारी दप्तराप्रमाणे दर सहा वेड्यांतील एक जण या झाडापायी वेडा झाला होता.

या आकड्यांवर कोणी विशेष विचार केला असता असे नाही. परंतु १८९३ च्या मार्च महिन्यात विल्यम केन या सभासदाने ब्रिटिश पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारला एक आयोग नेमावा लागला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या नावाने तो ओळखला जातो. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष, एकूण सात सदस्य आणि त्यांत तीन हिंदी. वर्षभरात आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सादर केला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या खंडांशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की, दुःख, नशा आणि उपचार या तिहींच्या नात्याचा जो गुंता आज पुन्हा आपल्यासमोर आला आहे, त्याचे पहिले सूत्र या अहवालात सापडते.

आज हा विषय नव्या वेषात आला आहे. मनावर झालेला जुना आघात सायकेडेलिक द्रव्यांनी, म्हणजे एलएसडी, विशिष्ट भूछत्रांतील सायलोसायबिन अशा द्रव्यांनी, बरा होऊ शकतो, असे संशोधनाच्या आधारे बोलले जाते. त्याबरोबरच हा उपचार डॉक्टरावाचून, आपल्या खोलीत बसून, आपला आपण करता येईल असेही सांगितले जाते. ही गोष्ट महानगरांपुरती आहे असे समजण्याचे कारण नाही. आम्ही हे लिहितो ते परभणी तालुक्यातील पिंगळीहून. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर या गावाच्या नावाचे स्थानक आहे. हातातल्या फोनमधून जगातला कोणताही दावा येथे त्याच दिवशी पोहोचतो. मानसोपचारतज्ज्ञ मात्र तितक्या सहज पोहोचत नाही. म्हणून या दाव्याचा विचार येथेही व्हावा.

रकाना कसा भरला जाई

आयोगाने एक साधे आणि म्हणून असाधारण काम केले. १८९२ सालचे ते २२२ कागद एकेक करून तपासले. हे कारण लिहिले कोणी, कोणाला विचारून, कशाच्या आधारावर, याची चौकशी केली. तेव्हा जे दिसले ते दप्तराच्या इतिहासात लक्षात ठेवावे असे आहे. भटकत असलेला, असंबद्ध बोलणारा इसम पोलिसांच्या हाती लागे. त्याचे घरदार ठाऊक नसे. कागदावर कारण तर लिहायलाच हवे. मग हा गांजा ओढतो काय, एवढे विचारले जाई. ओढतो असे कळले की रकाना भरला. पुढे तोच शब्द इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, तेथून वार्षिक तक्त्यात जाई आणि तक्त्यातून शास्त्रीय मतात. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड येथे अशी इस्पितळे होती, नागपूरला होते. सगळीकडे कमीअधिक फरकाने हाच प्रकार.

छाननी संपली तेव्हा २२२ पैकी अवघ्या ९८ प्रकरणांत या द्रव्याचा संबंध मान्य करण्याजोगा आहे असे आयोगाने ठरविले. त्यांतही केवळ हेच द्रव्य कारण म्हणून धरता येईल अशी प्रकरणे ६१. उरलेल्या ३७ मध्ये दुसरी कारणेही मिसळलेली होती. १३४४ च्या मानाने ९८ म्हणजे शेकडा सातांहून थोडे अधिक.

परंतु आमच्या दृष्टीने या आकड्यांहून महत्त्वाचा आहे आयोगाचा निष्कर्ष. माफक सेवनाने मनाला इजा होते असे म्हणता येत नाही. अतिरेकाविषयी मात्र आयोगाने दुहेरी गोष्ट सांगितली. अतिरेक हा मनाच्या अस्थैर्याची खूणही असतो आणि ते अस्थैर्य वाढवितोही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी भाषेत ही फार मोठी ओळख होती. माणूस आधी आतून मोडलेला असतो, म्हणून तो चिलमीकडे वळतो; आणि चिलीम त्याला आणखी मोडते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका रकान्यात मावत नाही.

या अहवालाला जेम्स कॅम्पबेल यांचे एक टिपण जोडलेले आहे. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर ज्यांनी सिद्ध केले तेच हे कॅम्पबेल. आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासासाठी त्या गॅझेटियरची पाने आपण अजून उलटतो. हे टिपण मात्र क्वचित वाचले जाते. त्यात त्यांनी भांगेभोवतीच्या धर्मभावनेची नोंद केली आहे. शिवाशी असलेले तिचे नाते, प्रवासात, उपवासात, जागरणात तिचा आधार, आणि गरिबाच्या दुःखावरची फुंकर म्हणून तिला मिळालेला मान, हे सारे त्यांनी लोकांकडून ऐकून लिहिले. म्हणजे ज्या अहवालात गांजा वेडाच्या रकान्यात होता, त्याच अहवालाच्या पुरवणीत तो सांत्वनाच्या रकान्यात आहे. एकाच वनस्पतीची ही दोन नावे. ज्याच्यामुळे तिची गरज पडली त्या दुःखाचा रकाना मात्र दोन्हीकडे नाही.

हा तिसरा रकाना वैद्यकशास्त्रात उघडायला बराच काळ गेला. १९८५ साली एडवर्ड खंत्झियन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने असे मांडले की, व्यसनी मनुष्य पुष्कळदा सुखाच्या मागे नसतो. असह्य भावनांवर तो आपल्यापरीने औषध करीत असतो आणि कोणते द्रव्य निवडतो यातही काही अर्थ असतो. त्याआधी पाच वर्षे, १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाच्या रेट्याने 'आघातोत्तर तणाव विकृती' या निदानाला अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले होते. घाव आणि घावावरचे घरगुती औषध असे दोन्ही शब्द शास्त्राला पाच वर्षांच्या अंतराने मिळाले.

हाय खाणे, धसका घेणे

आपल्या भाषेला हे शब्द आधीपासून ठाऊक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मराठी माणूस धसका *घेतो*, हाय *खातो*, एखादी गोष्ट मनाला *लावून घेतो*. दुःख बाहेरून येऊन आदळते खरे, पण भाषा म्हणते की ते आपण आत घेतो, गिळतो. आणि औषधही घ्यायचेच असते. जे आत गेले त्याला बाहेर काढण्यासाठी दुसरे काही आत घ्यावे, ही कल्पना आपल्या क्रियापदांतच रुजलेली आहे. म्हणून स्वतःच्या दुःखावर स्वतः काही घेणारा माणूस आपल्याला परका वाटत नाही.

जुन्या वैद्यकातही या प्रश्नाचा विचार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. प्रिय वस्तू किंवा व्यक्ती गेल्यामुळे ज्याचे मन दुखावले आहे, त्याला तत्सदृश काही मिळवून द्यावे, सांत्वन करावे, धीर द्यावा, असा उपाय तेथे सांगितला आहे. शोकाने, भयाने, क्रोधाने बिघडलेल्या मनावर त्याच्या उलट भावनेने उपचार करावा असेही म्हटले आहे. सूत्रस्थानात चिकित्सेचे जे तीन प्रकार दिले आहेत त्यांतला एक सत्त्वावजय, म्हणजे अहिताकडून मनाला आवरणे. घृते आणि काढे आहेतच, पण शोकासाठी शब्द आणि सोबत यांची योजना शास्त्राने वेगळी नोंदविली. याच ग्रंथपरंपरेत रुग्णाला बांधणे, मारणे, सापाचे भय दाखविणे असेही उपाय आहेत हे लपवू नये. भोवतालची माणसे धीर देतात, तशी छळही करतात. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

भांग आणि धोत्रा ही दोन्ही नावे आयुर्वेदाच्या द्रव्यांत आहेत. शार्ङ्गधराने शरीरात आधी पसरून मग पचणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांचा उल्लेख केला. धोत्र्याचे बी शोधनावाचून वापरू नये असा दंडक आहे. म्हणजे ही द्रव्ये शास्त्राला माहीत होती. पण शोधन, मात्रा, अनुपान आणि देणारा वैद्य यांच्यासह माहीत होती.

धोत्र्याविषयी येथे एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. महाशिवरात्रीला ज्याचे फूल आणि फळ वाहिले जाते तो हा धोत्रा आपल्याकडे उकिरड्यावर, बांधावर कोठेही उगवतो आणि त्यालाही आता 'दर्शन देणाऱ्या' वनस्पतींत बसविण्याचा प्रयत्न होतो. हा घोर गैरसमज आहे. एलएसडी किंवा सायलोसायबिन यांच्या प्रभावाखाली मनुष्याला बहुधा आपण काही घेतले आहे याचे भान राहते आणि नंतर आठवणही राहते. धोत्र्याने भान जाते. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, मनुष्य नसलेल्या माणसांशी बोलतो, नसलेले धागे हवेत वेचतो, आणि पुढे त्याला काही आठवत नाही. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथांत धोत्रा येतो तो वाटसरूंना गुंगी आणून लुटणाऱ्यांचे विष म्हणून. बियांतील विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि त्याने मृत्यू येतो. जे आठवतच नाही त्यातून आघाताची उकल काय होणार?

द्रव्यावाचून उघडणारे दार

मनाची नेहमीची चौकट सैल करून आतले दुःख बाहेर येऊ द्यावे, हा सायकेडेलिक उपचाराचा गाभा मानला जातो. ही चौकट महाराष्ट्रात द्रव्यावाचूनही सैल केली जात आली आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हीडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात मानसिक आजारासाठी येऊन राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. 'लीळाचरित्र' शिकविताना ज्या पंथाची आपल्याला वर्षानुवर्षे ओळख असते, त्याच पंथाचे मंदिर. त्यांना दिसले की अंगात येण्याचा अनुभव पुष्कळदा रुग्णापेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या बाईला, आईला किंवा पत्नीला येतो. घरावरचे दुःख ती आपल्या अंगावर घेते. या प्रथेत बाईवर पडणारा भार डोळ्यांआड करता येत नाही. परंतु रुग्ण तेथे एकटा नसतो हेही खरे.

२००९ साली भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांवर लिहिले. मनोसामाजिक आघातातून सावरण्यासाठी लोक या स्थळांकडे का येतात, हा त्यांचा विषय होता. परभणीकरांना हे नवीन वाटणार नाही. तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात, आणि तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात केवळ जत्राच असते असे नाही. अशा ठिकाणांचे आम्ही समर्थन करीत नाही. साखळदंड, मारहाण, आजार ओळखण्यात गेलेली वर्षे, हे सारे तेथे घडलेले आहे. परंतु या स्थळांनी एक गोष्ट सांभाळली : दुःखाला सांगण्याची जागा, ऐकणारी माणसे आणि थांबण्याचा अवधी.

आघात या शब्दाची सामूहिक ओळख मराठवाड्याला झाली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात. वाचलेल्यांच्या एका छोट्या गटाची मानसोपचारतज्ज्ञांनी पुढच्या काही आठवड्यांत तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांमध्ये मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर तणाव आणि नैराश्य प्रमुख होते. घरे पुन्हा बांधली गेली. मने कोणी बांधायची, हा प्रश्न पुढे दुष्काळ आणि कर्ज यांच्या रूपाने शेतकऱ्यांच्या घरांत आला. आत्महत्यांच्या सावटाखालील चौदा जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्यातील जिल्हे त्यात आहेत. तरीही राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये जे दाखविले ते ध्यानात ठेवावे : निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारापर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२. एवढ्या रुग्णांना दार उघडे नाही. ते स्वतःच काही घेतात यात नवल ते कोणते? बहुतेक जण दारू घेतात.

बार्देशचा किनारा

आता नव्या द्रव्यांचा इतिहास थोडक्यात पाहू. स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी ते हेतुपूर्वक स्वतः घेतले. आधुनिक सायकेडेलिक इतिहासाचा आरंभच असा स्वतःवरच्या प्रयोगाने झाला. पण त्या दिवशीही त्यांच्याबरोबर सहायक होता आणि घरी डॉक्टरला बोलावण्यात आले होते. पन्नाशीच्या दशकात हम्फ्री ऑस्मंड यांनी 'सायकेडेलिक' हा शब्द घडविला. मेक्सिकोच्या डोंगरातील माझातेक जमातीची मारिया सबीना ही स्त्री भूछत्रांच्या साहाय्याने रात्रभर मंत्रगायन करून आजाऱ्यांवर उपचार करीत असे. गॉर्डन वॅसन या अमेरिकन गृहस्थांनी तिच्या विधीत भाग घेतला आणि १९५७ साली त्याचे वर्णन एका लोकप्रिय साप्ताहिकात छापले. त्यानंतर त्या गावाकडे परक्यांची रीघ लागली. ते आजारी नव्हते, देव शोधायला आले होते. गावाचा रोष मारिया सबीनावर ओढवला आणि तिचे घर जाळण्यात आले. विधीतून द्रव्य सुटे झाले की पहिली किंमत कोण मोजतो, याचे हे उदाहरण आहे.

आपल्या किनाऱ्यावर हे पर्व आले गोव्यात. १९६१ च्या मुक्तीनंतर काही वर्षांतच बार्देशातील हणजुणे, वागातोर, कळंगुट या गावांत पाश्चात्त्य तरुण येऊन राहू लागले. स्थानिक कुटुंबांनी त्यांना खोल्या दिल्या. या तरुणांच्या मागे व्हिएतनामचे युद्ध आणि आपल्या समाजाविषयीचा भ्रमनिरास होता. जी मौज म्हणून सांगितली जाते तिच्यात शोकाचा अंश किती होता हे कोणी मोजले नाही. पुढे सक्तीची लष्करी सेवा संपवून येणारे इस्रायली तरुण या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने दिसू लागले. योआव शमीर यांचा 'फ्लिपिंग आउट' हा २००७ सालचा माहितीपट त्यांच्यावर आहे. सैन्यातून सुटल्यावर भारतात येऊन अमली द्रव्यांत बुडालेले, त्यांतले काही मनाचा तोल गमावलेले आणि मायदेशातून आलेल्या माणसांनी परत नेलेले असे तरुण त्यात दिसतात. बंदुकीने जे केले ते विसरण्यासाठी म्हणा किंवा समजून घेण्यासाठी म्हणा, या मुलांनी आपला उपचार आपण सुरू केला होता. स्वयंउपचाराचे याहून जवळचे उदाहरण मराठी-कोंकणी मुलखात आम्हांस आढळत नाही.

याच बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली आबे फारिया जन्मले. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी निद्रासदृश अवस्थेची प्रात्यक्षिके दाखविली. त्या काळी समज असा होता की संमोहन करणाऱ्याच्या देहातून काही चुंबकीय द्रव वाहतो आणि तो रुग्णाला बरे करतो. फारियांनी तो नाकारला. जे घडते ते निद्रिस्त होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेत आणि त्याला दिलेल्या सूचनेत घडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. द्रव की मन, हा वाद बार्देशच्या या सुपुत्राने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये घातला होता. त्यांच्याच तालुक्यात दीड शतकानंतर जगभरचे तरुण द्रव्याच्या शोधात जमले.

कायदाही येथे सांगितला पाहिजे. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर भारतात एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए ही द्रव्ये बाळगणे व सेवन करणे गुन्हा आहे. एलएसडीच्या बाबतीत ०.१ ग्रॅम हे 'व्यावसायिक प्रमाण' ठरते आणि तेथून किमान दहा वर्षांच्या कारावासाचा प्रदेश सुरू होतो. याच कायद्याचे कलम ६४अ, स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनग्रस्ताला काही मर्यादेत खटल्यापासून संरक्षण देते. त्याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

दुसरा रकाना

आता आशेची बाजू. ती खरी आहे आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रोलंड ग्रिफिथ्स यांच्या प्रयोगानंतर या संशोधनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. २०२१ साली तीव्र आघातोत्तर तणाव असलेल्या ९० जणांवरील एमडीएमएच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे द्रव्य काटेकोर अर्थाने सायकेडेलिक नव्हे, पण चर्चेत त्याच गटात येते. द्रव्य आणि मानसोपचार असे दोन्ही मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण उपचारानंतर त्या निदानाच्या निकषांत बसत नव्हते. वर्षानुवर्षे जे लोक दुःस्वप्नांत जगत होते त्यांच्यासाठी हा आकडा लहान नाही. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सायलोसायबिन यांचा मर्यादित वापर करण्याची मुभा दिली.

परंतु त्याच चाचणीतला दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. ज्यांना द्रव्याऐवजी निष्क्रिय गोळी मिळाली, पण तीच तयारी, तेच दीर्घ तासांचे सत्र, तेच दोन उपचारक आणि नंतरची तीच बोलणी मिळाली, त्यांच्यातीलही ३२ टक्के त्या निदानातून बाहेर पडले. म्हणजे नुसत्या सोबतीने जवळजवळ एक तृतीयांश. उरलेला फरक द्रव्याचा म्हणावा, तर तोही सोबतीच्या आतच घडला होता. द्रव्य एकटे दिले तर काय होते, हे या चाचणीने तपासलेलेच नाही. 'मी घरी घेऊन पाहतो' असे म्हणणारा मनुष्य या ६७ टक्क्यांचा आधार घेतो, तेव्हा तो दुसऱ्याच औषधाचा दाखला देत असतो.

सोबतही निर्दोष नसते. याच द्रव्याच्या आधीच्या एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी केलेल्या अनैतिक वर्तनामुळे २०२४ मध्ये एका नियतकालिकाने संबंधित तीन शोधनिबंध मागे घेतले. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारून आणखी एक चाचणी मागितली. मन उघडे पडलेले असते तेव्हा मनुष्य सर्वांत अधिक दुखावता येतो. मंदिरातील साखळदंड आणि आधुनिक दवाखान्यातील हा विश्वासघात एकाच जातीचे आहेत.

आपले आपण घेणाऱ्यांचे काय होते, याचीही काही माहिती आहे. २०१६ साली सायलोसायबिनचा अत्यंत कठीण अनुभव आलेल्या १९९३ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ८४ टक्के लोकांनी त्या कठीण अनुभवाचाही लाभ झाला असे सांगितले. त्याच लोकांत ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा इतरांना शारीरिक धोक्यात टाकले होते. आणि ज्यांच्या अनुभवाला वर्ष उलटले होते त्यांतील ७.६ टक्क्यांना टिकून राहिलेल्या मानसिक त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. ही वाचलेल्यांची आणि प्रश्नावली भरू शकणाऱ्यांची पाहणी आहे हे विसरू नये. २०२१ मध्ये १९१ स्वयंसेवकांवर झालेला दुसरा एक प्रयोग सूक्ष्म मात्रेचा होता. घेणाऱ्यांनी स्वतःच अशी व्यवस्था केली की आज खरी मात्रा आहे की रिकामी कुपी, हे त्यांनाच कळू नये. काही आठवड्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते, आणि जवळपास सारखेच. फारियांना हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटले नसते.

धोके स्पष्ट शब्दांत सांगणे हे शिक्षकांचे काम आहे. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकाराचा इतिहास आहे, त्यांना या द्रव्यांनी आजार उफाळण्याचा धोका असतो आणि म्हणूनच चाचण्यांत त्यांना घेतले जात नाही. लिथियम घेणाऱ्यांना झटके येऊ शकतात. नैराश्याच्या काही औषधांबरोबर एमडीएमए घेतल्यास जिवावर बेतते. चोरट्या बाजारात एलएसडी म्हणून मिळणारा कागदाचा तुकडा भलत्याच विषारी रसायनात बुडविलेला असू शकतो. आणि आघाताचा स्वतःचा असा एक धोका आहे : बंद केलेली आठवण एकाएकी संपूर्ण उघडली आणि समोर कोणीच नसले, तर तो दुसरा आघात ठरतो.

रकान्याबाहेरचे

१८९२ च्या हवालदाराने गांजा कारणाच्या रकान्यात लिहिला. आज उत्साही मंडळी अशाच द्रव्यांचे नाव उपायाच्या रकान्यात लिहीत आहेत. दोघांची पद्धत एकच : माणसाला काय झाले होते हे न विचारता द्रव्याचे नाव लिहून कागद पुढे पाठविणे. या सर्व इतिहासातून आम्हांस जे दिसते ते असे की, द्रव्याचे गुण त्याच्या भोवतालापासून वेगळे काढून मोजता येत नाहीत. चरकाचे आश्वासन, माझातेक रात्रीचे गायन, चाचणीतील दीर्घ सत्रे, यांत द्रव्य असो वा नसो, एक गोष्ट समान आहे. दुःखी माणसाजवळ कोणीतरी ठरवून बसलेले आहे, आणि ते उद्याही येणार आहे. स्वयंउपचारात नेमके हेच वगळले जाते. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या त्या तरुणांना द्रव्य मिळाले. जवळ बसणारे पोहोचले ते तोल गेल्यावर.

तरीही स्वयंउपचार करणाऱ्याला दोषी ठरविणे आम्हांस मान्य नाही. तो अडाणी नसतो, बेजबाबदारही नसतो. बहुधा तो थकलेला असतो. त्याने सगळी दारे ठोठावलेली असतात, किंवा त्याच्या गावाला ठोठावण्याजोगे दार नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानावे असे सांगितले. २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मराठीतही बोलता येते. ही दारे अरुंद असली तरी ती आहेत, आणि ज्यांच्या हाती वर्ग आहे त्यांनी ती विद्यार्थ्यांना दाखविली पाहिजेत.

वाङ्मयाच्या अध्यापकांनी या विषयात पडावे काय, अशी शंका कोणी घेईल. आमचे म्हणणे असे की, कागदावरचा शब्द कोणी, कोणत्या घाईत, कोणाला न विचारता लिहिला हे शोधणे हाच तर आमचा व्यवसाय आहे. त्या आयोगाने २२२ कागदांच्या बाबतीत तेच केले. आज एखादा विद्यार्थी वर्गात गप्प होतो, परीक्षेला येत नाही, डोळे तांबारलेले दिसतात, तेव्हा 'नशा करतो' एवढाच शेरा लिहून कागद पुढे पाठविणे सोपे असते. तो कोणत्या दुःखावर औषध करतो आहे, हे विचारायला वेळ लागतो. तेवढा वेळ काढणे आपल्या हातात आहे.